कोरी खुर्ची

१

खुर्च्या पुसायचं काम ओटिलीचं होतं. त्यांच्यात बसायचं काम कोणाचंच नव्हतं.

सकाळी एगॉन दवाखान्यात गेला, की ती कपबश्या विसळायची, हात कोरडे करायची आणि मऊ केसांचा ब्रश घेऊन रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत जायची. आधी पाठ, मग हात, मग पाय. गादी सगळ्यात शेवटी, आणि तीही न दाबता, वरच्या वर. एगॉन लांगर दातांचा डॉक्टर होता. खुर्चीचे सांधेसुद्धा तो खालून छोटा आरसा धरून तपासायचा. ब्रश कसा धरायचा हे त्यानंच तिला शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात. तेव्हा तो तिला टिली म्हणायचा, आणि तेव्हा खुर्ची एकच होती.

आता पाच होत्या. पाचही एकाच घरच्या. सेमरिंगच्या डोंगरात क्षयरोग्यांसाठी एक मोठं आरोग्यधाम होतं. ते बांधणाऱ्या वास्तुकारानं तिथल्या वाचनखोलीसाठी १९०८ साली सहा खुर्च्या काढून दिल्या होत्या. वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड, काळं रंगवलेलं. पाठ आणि हात एकाच रेषेत वळत आलेले. हाताखाली सुपारीएवढे लाकडी गोळे. गादीवर काळपट हिरवं कातडं आणि आत घोड्याचे केस. दोन्ही हातांच्या मधून एगॉननं लाल दोरी बांधली होती, चुकून कोणी टेकू नये म्हणून.

"गादीचं भरण बदललं की खुर्ची मेली," एगॉन म्हणायचा. दुसरे लोक खुर्ची विकत घेतली की आधी जुने केस काढून टाकायचे. एगॉन हात लावू द्यायचा नाही. ज्या माणसानं त्या खुर्चीत बसून मरणाची वाट बघितली, त्याचा खळगा गादीत तसाच होता. पाच खुर्च्या, पाच खळगे. ओटिलीला ते पाठ झाले होते. पुसताना ती त्यांना मनातल्या मनात नमस्कार करायची, जसा आपण जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांना करतो.

सहावी खुर्ची सापडल्याची बातमी फेब्रुवारीत आली. एगॉन जेवताना उठून फोनवर गेला आणि परत येऊन बसलाच नाही. सूप गार झालं.

"खिडकीपाशी ठेवावी लागेल," तो म्हणाला. "तिथंच उजेड तिरका येतो. तुझं ते ध्यान हलवायला हवं."

ध्यान म्हणजे तिच्या आईची खुर्ची. तपकिरी, जाडी, एका हाताचं कापड विरलेलं. घरात निवांत बसता येईल अशी तीच एक खुर्ची होती. दुपारी ओटिली तिच्यात विणत बसायची आणि खाली ट्राम वळताना बघायची.

"मग मी कुठं बसू?"

"स्वयंपाकघरात आहे की खुर्ची."

"ती जेवायची आहे."

"तू काय तिथं उभ्यानं जेवतेस?" एगॉन म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

हमाल आले त्या दिवशी ती जिन्यात उभी होती. इमारतीची लिफ्ट फार जुनी होती. आत पाऊल टाकलं की लाकडी तळ बोटभर खाली बसायचा, मग छताचा दिवा लागायचा, आणि मगच ती हलायची. कोणी आत नसेल किंवा फारच हलकं कोणी असेल, तर हलायचीच नाही. आईची खुर्ची आत ठेवल्याबरोबर तळ खाली बसला आणि दिवा लागला.

"बघा, तुमच्या खुर्चीला माणसात धरलं लिफ्टनं," खालच्या मजल्यावरच्या पोस्पिशिलबाई म्हणाल्या. त्यांच्या काखेत त्यांचा बुटका कुत्रा होता. "आमच्या वाल्डीला एकट्याला धरत नाही. मी सांगते त्याला, माझ्यासारखे डंपलिंग खा, मग धरेल. काय डॉक्टरीणबाई, नवीन पाहुणी येतेय म्हणे?"

"हो. सहावी."

"आणि तुम्ही?"

ओटिली हसली.

२

व्हिएन्नात खुर्च्या जमवणारे लोक शनिवारी दुपारी एकमेकांकडे जमतात आणि कॉफी उभ्यानं पितात. ज्याच्या घरी जमायचं त्याच्या खुर्च्यांचा तो मान असतो. गुडघे दुखत असले तरी कोणी बसायचं नाही, आणि बसायला मागायचं तर मुळीच नाही.

त्या शनिवारी सगळे सहावी बघायला आले. सगळ्यात आधी प्रोफेसर कुबेल्का. हे शाळेत भूगोल शिकवायचे, पण तिथं शाळेतल्या मास्तरांनाही प्रोफेसरच म्हणतात. दारातच त्यांनी ओटिलीच्या हातावर वाकून ओठ टेकल्यासारखं केलं.

"हात चुंबतो, डॉक्टरीणबाई. केक घरचा ना? मग आलो म्हणून समजा."

कुबेल्कांची एक ख्याती होती. ते डोळे मिटून गादीवर हाताची मागची बाजू ठेवायचे, आणि कोण बसत होतं ते सांगायचे. तळहातानं कळत नाही, म्हणायचे, तळहात अडाणी असतो. पाचही खुर्च्या त्यांनी पूर्वी वाचल्या होत्या, तरी पाहुण्यांसाठी पुन्हा वाचल्या.

"हा जाडा. मागच्या खिशात पाकीट. पैसा होता, उपयोग झाला नाही." पुढची. "हा तरुण. पाय सारखे हलवायचा." तिसरी. "ही बाई मागं टेकतच नव्हती. कडेवर बसायची. डॉक्टर कधी हाक मारतील म्हणून."

मग ते सहावीपाशी आले. ती आरोग्यधामाच्या कोठारात कागदात गुंडाळलेली सापडली होती. तिची गादी ताटासारखी सपाट होती आणि तिरक्या उजेडात कातडं सगळीकडे सारखं चमकत होतं. कुबेल्कांनी हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कोरी," ते म्हणाले. "हिच्यात कोणी म्हणजे कोणी बसलेलं नाही, लांगर. एवढ्या वर्षांत."

एगॉनच्या डोळ्यांत पाणी आलं. ओटिलीनं ते ट्रे धरून उभ्या उभ्या पाहिलं. त्याच्या आईला पुरलं त्या दिवशीही तिला ते दिसलं नव्हतं.

"मी जरा आत बसते," ती म्हणाली. तिचे पाय भरून आले होते.

"बसा, बसा," कुबेल्का म्हणाले. "घरात बसायला खुर्ची असलेल्या तुम्ही एकट्याच. आम्हाला हेवा वाटतो."

सगळे हसले. एगॉनही.

स्वयंपाकघरातली खुर्ची पांढऱ्या रंगाची, साधी होती. तिच्यावर तिनंच विणलेलं निळं उशीचं आसन होतं, मध्ये दबून पातळ झालेलं. ती नेहमी डावीकडे कलून बसायची, त्यामुळे डावीकडून जास्तच. टेबलाच्या कडेला एका जागी वॉर्निश गेलं होतं. विचार करताना ती तिथं अंगठा घासायची, तिला कळतही नसे. बदामाएवढा पांढुरका डाग पडला होता. त्या दिवशी ती तिथं अंगठा घासत बसली आणि आतल्या हसण्याकडे कान देत राहिली. लिंट्झला तिची बहीण गुस्टी राहत होती. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. 'ये ना राहायला, किती दिवस असं,' असं ती दर फोनला म्हणायची. ओटिली दर वेळी म्हणायची, 'बघू.'

३

ईस्टर झाल्यावर एका सकाळी तिला ते पहिल्यांदा दिसलं.

खिडकीतून ऊन आडवं येत होतं. पाच गाद्यांवर पाच सावल्या होत्या, रोजच्यासारख्या. सहावीवरही एक होती. बशीएवढी, फिकट. ओटिलीनं वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. पडद्याची असेल, असं म्हणून पडदा सारला. सावली तिथंच राहिली.

हिवाळा संपला की घरातल्या शेगड्या बंद होतात, लाकूड ओल धरतं. कातडंही धरत असेल. कागदातून काढल्यावर कोणतीही गोष्ट थोडी बसतेच. तिनं स्वतःला हे सगळं नीट समजावलं आणि ब्रश नेहमीसारखा वरच्या वर फिरवला. दोरी बांधलेलीच होती, गाठही एगॉनचीच, उजवीकडे वळवलेली.

एगॉनला ते रविवारी दिसलं. त्यानं गादीवर पट्टी आडवी ठेवून खालून उजेड पाहिला. मग तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"बसलीस का तू?"

"कुठं?"

"ओटिली, मी साधा प्रश्न विचारतोय."

"मी इथं बसते. तूच सांगितलंस इथं बस."

"पाय दुखले म्हणून पाच मिनिटं टेकली असशील. मी रागावणार नाही. फक्त खरं सांग."

"तू रागावलेलाच आहेस."

"मग कोण बसलं? मी बसलो?" तो हसला. तो हसला की ती लहान व्हायची. "का त्या सेमरिंगच्या लोकांनी जागा बदलली?"

त्या दिवसापासून गादीवर पातळ रेशमी कागद पसरलेला असायचा. कोणी बसलं तर चुरगळेल, म्हणून. एगॉन दवाखान्यातून आला की आधी कागद बघायचा, मग टोपी काढायचा. कागदावर कधी एक सुरकुतीही पडली नाही. आणि कागदाखालचा खळगा मात्र भरत गेला, म्हणजे खोल होत गेला. ओटिलीला या दोन्ही शब्दांपैकी कोणता बरोबर हे ठरवता येईना.

एगॉनला खात्री पटत नव्हती. पण एवढं झालं की आता तो तिला विचारायचाही नाही. जेवताना तिच्याकडे बघायचा. ओळखीच्या दातात अचानक कीड सापडावी तसा.

४

निळं आसन फुगल्याचं तिच्या लक्षात आलं ते बटाटे सोलताना. ती बसली होती आणि टेबल नेहमीपेक्षा खाली वाटत होतं. उठून पाहिलं तर आसन नव्यासारखं होतं, मधोमध गुबगुबीत. बहुतेक धुतल्यावर असं झालं असेल. पण धुतलं कधी होतं ते आठवेना.

मग ती बघायला लागली. बघायला लागायला नको होतं.

पलंगावर तिच्या बाजूला गादी सपाट होती. एगॉनच्या बाजूला एक लांब खळगा होता, त्याच्या खांद्याचा आणि कमरेचा. तिच्या बाजूला हॉटेलमधल्या खोलीत असते तशी ताणलेली चादर. ती तर तिथंच झोपून उठली होती. तिच्या चामड्याच्या चपलांत बोटांचे काळे ठसे पडलेले असायचे, ते पुसट झाले होते, जणू त्या दुकानातून आत्ताच आणल्या असाव्यात. आणि टेबलाच्या कडेचा डाग गेला होता. तिनं बोट फिरवलं, मग नख. वॉर्निश सलग, तुळतुळीत. कोणी टेबल उलट बाजूनं वळवलंय का म्हणून तिनं तिन्ही मोकळ्या कडा पाहिल्या. नव्हतं वळवलं. टेबल भिंतीला खिळलेलं होतं.

अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. ओटिलीनंही घेतला. वय झालं, चष्मा बदलायला हवा, दिवसभर एकटं राहून असं होतं. ती सगळ्यांत सोप्या गोष्टीकडे गेली. पिठाचा डबा उघडून तिनं फरशीवर चिमूटभर पीठ टाकलं आणि त्यावर पाय ठेवला. पायाचा ठसा उमटला. म्हणजे उमटल्यासारखा वाटला. तिला इतकं बरं वाटलं की तिनं तो लगेच पुसून टाकला, आणि मग दिवसभर त्याचीच खंत करत राहिली, की तो आपण नीट पाहिलाच नाही.

दुपारी बाजारात जायला निघाली. लिफ्टमध्ये शिरली, दार ओढलं. दिवा लागला नाही. तिनं टाचा उचलून खाली आपटल्या. तळ कुरकुरला, दिवा लुकलुकला आणि लागला.

खाली पोस्पिशिलबाई उभ्या होत्या.

"वाळलात हो तुम्ही. डॉक्टरसाहेब जेवायला देत नाहीत वाटतं?"

"मीच करते जेवण."

"तेच म्हणते मी. करणारीला मिळत नाही." त्यांनी वाल्डीला खाली ठेवलं. तो नेहमी ओटिलीच्या बुटांचा वास घ्यायचा. आज तो सरळ तिच्या बुटांवरून चालत गेला आणि लिफ्टमध्ये जाऊन बसला.

५

जूनच्या पहिल्या शनिवारी कुबेल्का पुन्हा आले. या वेळी एकटेच, एगॉननं बोलावलं म्हणून. एगॉननं स्वतःच्या हातानं दोरी सोडली आणि कागद उचलला.

कुबेल्कांनी डोळे मिटले आणि हाताची मागची बाजू गादीवर ठेवली. ओटिली दाराशी उभी होती. कॉफीच्या वासात तिला दुसरा एक वास येत होता. तिच्या हाताच्या मलमाचा. पण आज तिनं मलम लावलं नव्हतं.

"बाई आहे," कुबेल्का म्हणाले. "लहानखुरी. तरुण नाही. डावीकडे कलते." त्यांचा हात पुढं सरकला, खुर्चीच्या डाव्या हातावर. "आणि इथं अंगठा घासते. हे बघा, रंग गेलाय."

काळ्या लाकडावर एक पांढुरका डाग होता. बदामाएवढा.

"पुष्कळ वर्षं बसत असणार," कुबेल्का म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच गोंधळले. "मी फेब्रुवारीत कोरी म्हणालो होतो. लांगर, माझा हात म्हातारा झाला म्हणा. मला माफ करा."

आता तो संतापणार, असं ओटिलीला वाटलं. तिला ते हवंही होतं. संतापला असता तर तिला बोलता आलं असतं. बघ, ती मी आहे, असं म्हणता आलं असतं. पण एगॉन गादीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा मऊ झाला होता. हा चेहरा तिनं पूर्वी पाहिलेला होता. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात.

"असू दे," तो म्हणाला. "शोभतोय तिला."

कुबेल्का निघाले तेव्हा जिन्याच्या दाराशी थांबले. "डॉक्टरीणबाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच बसत नाही ना?" ते उत्तराची वाट बघत होते. पण ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. चेहऱ्याच्या जरा बाजूला, कोटांच्या खुंट्यांकडे बघत होते.

एगॉननं दोरी पुन्हा बांधली नाही.

६

त्यानंतर एका दुपारी ती बाजारातून आली. पिशवीत बटाटे आणि पहिले जर्दाळू होते. दार उघडून पॅसेजमध्ये पाऊल टाकलं तेव्हा मोठ्या खोलीतून एगॉनचा आवाज येत होता. तो दवाखान्यातून लवकर आला होता.

"...आणि मग बाईनं माझं बोटच चावलं. मी म्हटलं, बाई, दात दाखवायला आलात की वापरायला?" तो हसला. मोकळा, गळ्यातून. थोडा वेळ गेला. "नाही गं, रक्त नाही आलं. तुझं आपलं काहीतरीच."

फोनवर असेल, असं तिला वाटलं. मग तिची नजर बाजूला गेली. फोन पॅसेजमध्येच होता, तिच्या कोपराशी, जाग्यावर ठेवलेला.

"वारा लागतो का तुला? लावू खिडकी?" पावलं. खिडकी लागल्याचा आवाज. "अशी. आता बस निवांत, टिली."

ओटिली पिशवी घेऊन उभी राहिली. आत जायला चारदोन पावलं होती आणि दार अर्धं उघडं होतं. तिला पाचव्या खुर्चीची पाठ दिसत होती. सहावी भिंतीआड होती. पुढं झुकलं असतं तर दिसली असती. ती झुकली नाही. ती विचार करत राहिली, की त्यानं मला शेवटचं टिली कधी म्हटलं होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. हेवा वाटला. आणि आपल्याला आपलाच हेवा वाटतोय, हे तिला कळलं.

एगॉन बाहेर आला. त्याच्या हातात कॉफीचे दोन कप होते. दोन्ही रिकामे. तिला बघून तो थांबला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"तू बाहेर कधी गेलीस?" त्यानं विचारलं. मग मागं खोलीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. काहीतरी जुळत नव्हतं आणि त्याला त्याचा त्रास होत होता. त्यानं आता जुळवावं, एवढंच तिला हवं होतं.

"दूध संपलंय," तो म्हणाला, आणि कप तिच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेल्यावर ती खोलीत गेली. सहावीसमोर उभी राहिली. खळगा आता खोल होता, डावीकडे जास्त. तिनं डाव्या हातावरच्या डागावर अंगठा ठेवला. तो बसला. इतका नेमका बसला की तो काढायला तिला जोर करावा लागला.

बसून बघावं का, असं मनात आलं. पण इतकी वर्षं तिनं या खुर्च्यांना बूड टेकवलं नव्हतं, आणि माणूस भीतीपेक्षा सवयीला जास्त घाबरतो. ती मागं सरली आणि तिनं लिंट्झला फोन लावला.

"गुस्टी, खोली आहे का रिकामी?"

"कोण बोलतंय? मोठ्यानं बोल ना."

"मी ओटिली."

"आवाज फार लांबून येतोय. ओटिली? तू आजारी आहेस का? ये गं बाई, ये. मी तुला कधीपासून सांगतेय. विचारायचं काय त्यात?"

"येते. आजच."

"सामानाचं नंतर बघू. तू आधी स्वतःला घेऊन ये."

७

तिनं छोटी बॅग भरली. दोन पोलकी, विणकाम, आईचा फोटो. किल्ल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या. चिठ्ठी ठेवली नाही. वाचणाऱ्यानं कोणाची आहे म्हणून विचारलं असतं, असं तिला उगीच वाटलं. तेवढ्यात एगॉन जेवायला घरी आला. पॅसेजमधून तिच्या अंगावरून सरळ मोठ्या खोलीत गेला आणि आत जाताना म्हणाला, "आलो गं."

ओटिली बाहेर पडली. दार मागं लागलं आणि कुलूप आपोआप बसलं.

लिफ्ट वरच उभी होती. ती आत शिरली, जाळीचं दार ओढलं आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. तिनं बॅग खाली ठेवली. टाचा आपटल्या. तळानं आवाज केला नाही. तिनं उडी मारली, या वयात, बॅगेशेजारी, एकटीनं, आणि पाय टेकले तेव्हा कोणीतरी रुमाल टाकल्याएवढाही धक्का बसला नाही. अंधारात ती उभी राहिली. खालून पोस्पिशिलबाईंचा आवाज आला. "काय गं बाई ही लिफ्ट. वर अडकली वाटतं. चल वाल्डी, जिन्यानं."

जिना होता. जिन्यानं ओटिलीलाही जाता आलं असतं. पण जाऊन काय, गुस्टीच्या घरी कोण पोचणार होतं? गुस्टी दार उघडणार, आणि मग? तिथं ती उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वच्छ कळलं, की तिला काय हवं आहे. ती खळग्यात बसणार होती. तो तिचा होता. तिनंच तो आयुष्यभर थोडाथोडा या घराला दिला होता, आणि या घरानं तो नेऊन भलत्या ठिकाणी ठेवला होता. एकदा नीट, पूर्ण वजनानं बसायचं. पाठ टेकायची, डागावर अंगठा ठेवायचा आणि उठताना सगळं बरोबर घेऊन उठायचं. मग एगॉन ओरडू दे, नाहीतर रडू दे.

तिनं लिफ्टचं दार सरकवलं आणि घराची घंटा वाजवली.

आत बोलणं चालू होतं ते थांबलं. खुर्चीचं कातडं वाजलं, कोणी उठताना वाजतं तसं.

"बस, बस," एगॉनचा आवाज आला. "मी बघतो."

पावलं पॅसेजमधून आली. दार उघडलं. एगॉन गळ्याशी रुमाल बांधून उभा होता, हातात चमचा, ओठांना सूप लागलेलं. ओटिली त्याच्यासमोर होती, हात लांब केला तर लागेल इतकी. त्याच्या खांद्यावरून पॅसेज दिसत होता आणि पॅसेजच्या टोकाला मोठ्या खोलीचं उघडं दार. आता सहावी भिंतीआड नव्हती. कोणीतरी ती थोडी ओढून उजेडात घेतली होती. तिच्या काळ्या हातावर एक कोपर टेकलेलं होतं, करड्या लोकरीच्या बाहीतलं. कोपराशी लोकर विरली होती आणि तिथं ओटिलीनंच मागच्या हिवाळ्यात निळ्या धाग्यानं रफू केलं होतं. बोटं दिसत नव्हती. अंगठा दिसत होता. तो लाकडावर पुढं मागं, पुढं मागं फिरत होता.

"एगॉन," ती म्हणाली. "मला आत येऊ दे. मला बसायचंय."

एगॉननं जिन्याच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, उघड्या लिफ्टकडे पाहिलं.

"कोण आहे?" आतून विचारलं. आवाज थकलेला होता, पण सुखी.

"कोणी नाही, टिली," तो म्हणाला. "तू उठू नकोस."

आत कातडं पुन्हा वाजलं, मागं टेकल्यासारखं. एगॉन दार नेहमी आपटायचा. या वेळी त्यानं ते दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता लावलं.